रिटायर झालेला चॅम्पियन परत प्रो रेसिंगला आला तर अडतं कुठं? (आर्मस्ट्राँग २००९ वरून वाद)

वाघबीळ_क्लायंबर
राम राम मंडळी. पन्हाळ्यावर मिसळ खाताना ग्रुपमध्ये वाद पेटला तो घाट उतरून खाली आलो तरी मिटंना म्हणून इथं टाकायलोय. विषय अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा कमबॅक. २००५ ला सातवी टूर द फ्रान्स (फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल रेस) मारून गडी घरी बसला, सप्टेंबर २००८ मध्ये जाहीर केलं की परत येतोय, आणि २००९ च्या टूरला ३७ व्या वर्षी थेट तिसरा. आमच्यातला एकजण म्हणतोय एवढ्या गॅपनंतर पोडियम म्हणजे नाद खुळा, दुसरा म्हणतोय तो तिसरा यायला आलाच नव्हता मग फसलंच की, तिसरा म्हणतोय डोपिंगमुळं रेकॉर्डमधनं नाव पुसलंय त्याच्यावर आता कशाला तोंड वाजवायलाय. मला एवढंच विचारायचंय, वय नडतं, दम नडतो का आणखी काय? ज्यांनी तेव्हा रेस बघितल्यात त्यांनी सांगा, कुठनं तरी कॉपी मारून चिकटवू नका प्लीज.

रंकाळा_पहाटे
त्या वर्षी रोज दुपारी टीव्हीसमोर बसलेलो असायचो त्यामुळं लिहितोच. नुसत्या वयाचं म्हणशील तर योप झूटमेल्क १९८५ ला ३८ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झालाय आणि ख्रिस हॉर्नरनं २०१३ ची वुएल्ता (स्पेनची टूरसारखी रेस) ४१ व्या वर्षी जिंकलीय. लांब दम लई उशिरा जातो. जातो काय तर झटका. म्हणजे घाटात समोरच्यानं अटॅक मारला, तू चिकटलास, त्यानं परत मारला, परत चिकटलास, तिसऱ्या वेळंला पाय नाही म्हणतात. हे फक्त रेस खेळूनच तयार होतं, घरी ट्रेनर लावून कितीबी घाम गाळा.

आता आर्मस्ट्राँगची गंमत बघ. आधी मार्चमध्ये स्पेनला कास्तिया-लेऑन रेसच्या पहिल्याच स्टेजला (टप्प्याला) पडून कॉलरबोन मोडलं, तरी मे मध्ये जिरोला (इटलीची टूरसारखी रेस) उतरला आणि बारावा आला. मग टूर. तिसऱ्या स्टेजला ला ग्रांद-मोतकडं जाताना आडवं वारं होतं, पुढच्या टीमनं जोर लावला आणि बंच (रायडरचा मोठा घोळका) फाटला, आणि हा म्हातारा बरोब्बर पुढच्या तुकड्यात! त्याच्याच अस्ताना टीमचा काँटाडोर मागं राहिला, जो २००७ चा विनर होता. म्हणजे वारं कुठनं येतंय, कोण कधी ओढणार, हे वाचायची नजर शाबूत होती. दुसऱ्या दिवशी अस्तानानं टीम टाइम ट्रायल (अख्ख्या टीमनं घड्याळाविरुद्ध मारायची स्टेज) जिंकली आणि एकूण वेळेत पहिल्याला मिळणारी पिवळी जर्सी आर्मस्ट्राँगची हुकली किती, तर ०.२२ सेकंद. कान्सेलाराकडंच राहिली ती. मी सोफ्यावरनं उठून उभा राहिलतो.

आणि मग व्हेर्बिए, स्वित्झर्लंडमधला चढ. काँटाडोरनं चढावर अटॅक मारला आणि आर्मस्ट्राँग दीड मिनिटभर मागं, तिथंच रेस संपली त्याची. शेवटी पॅरिसला काँटाडोर पहिला, अँडी श्लेक दुसरा, हा ५ मिनिटं २४ सेकंदांनी तिसरा. तर माझं म्हणणं, डोकं पूर्ण परत आलतं, पाय परत आले नव्हते. तुझ्या मित्राला हेच सांग, सपाटीवर अनुभव चालतो, घाटात अनुभवाला कोण विचारत नाही.

उतारावर_ब्रेक_नाही
रंकाळा दादा, लिहिलंय भारी पण पाय आले नव्हते हे तू ठरवणार कशावरनं? त्या पायात काय होतं ते कळल्याशिवाय शरीराचा हिशोब मांडताच येत नाही. तो आजबी म्हणतो की २००९ आणि २०१० ला मी काय घेतलं नव्हतं. पण २०१२ च्या युसाडाच्या (अमेरिकेची डोपिंगविरोधी संस्था) रिपोर्टमध्ये तज्ज्ञानं त्याचे त्याच वर्षांचे रक्ताचे आकडे बघून सांगितलंय की ते आपोआप तसे येण्याची शक्यता दहा लाखात एकापेक्षा कमी. तीन आठवड्यांच्या रेसमध्ये थकवा येईल तसं रक्त पातळ व्हायला पाहिजे, ह्याचं तसं झालं नाही. मग ३७ व्या वर्षी माणूस काय करू शकतो ह्याचं उदाहरण म्हणून हा चालत नाही, विषय कट.

गंगावेश_कडचा
विषय कट कसा, मेन गोष्ट तर राहिलीच. तो परत आला म्हणून तर सापडला! आपल्याकडं पैलवान मैदान सोडून बसला की त्याच्या जुन्या कुस्त्यांची कोण चिरफाड करत नाही, पण परत लांग चढवला की सगळा गाव जुनं सगळं उकरून काढतो, तसंच झालंय हे. फ्लॉइड लँडिस त्याचा जुना टीममेट, २००६ ची टूर डोपिंगमुळं गमावलेला, बॅन भोगून परत आला तर मोठ्या टीममध्ये जागा मिळंना, आणि इकडं आर्मस्ट्राँग रेडिओशॅक टीम घेऊन हिरो बनून फिरतोय. मे २०१० मध्ये लँडिसनं ईमेल टाकून सगळा पाढाच वाचला. त्यातनं केस, मग युसाडा, ऑक्टोबर २०१२ ला युसीआयनं (सायकलिंगची जागतिक संघटना) पण शिक्का मारला, ऑगस्ट १९९८ पासूनचे रिझल्ट रद्द. त्याच्या जुन्या टीमला अमेरिकेच्या सरकारी टपाल खात्याची स्पॉन्सरशिप होती म्हणून आणखी एक दावा, तो २०१८ मध्ये ५० लाख डॉलर देऊन मिटवला. आर्मस्ट्राँगनं टीव्हीवर ओप्रा विन्फ्रेच्या मुलाखतीत स्वतःच कबूल केलंय की मी परत आलो नसतो तर आज इथं बसलो नसतो. घरी शांत बसला असता तर सात टूरचा राजा म्हणून मिरवला असता, खरं सांगायचं तर मला त्यो फोडला गेला ह्याचं काडीचं वाईट वाटत नाही, पण हावरेपणा लई नडतो गड्या.

सायकलवाली_ताई
सगळे त्या एकाच आर्मस्ट्राँगला धरून बसलाय, दुसरी आर्मस्ट्राँग कुणालाच आठवंना? क्रिस्टिन आर्मस्ट्राँग, नात्यातली नाही. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं गोल्ड, २००९ ला रिटायर, मूल झालं, परत आली, मे २०१२ मध्ये कॉलरबोन मोडलं आणि ऑगस्टमध्ये लंडनला परत गोल्ड. परत रिटायर. मग परत आली, आणि २०१६ ला रिओत पावसात तिसरं गोल्ड, ४३ वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. तेव्हा वय आडवं येत नाही का असं विचारणाऱ्यांनी आधी हे बघा.

पण एक फरक आहे बरं का. टाइम ट्रायलमध्ये तुम्ही आणि घड्याळ, कुणाच्या अटॅकला उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळं रंकाळा दादा म्हणतोय तो झटका तिथं कमी लागतो. बंचमधला कमबॅक बघायचा असेल तर ॲना व्हान डर ब्रेगन बघा. रिओची रोड रेस गोल्ड, बेल्जियमची फ्लेश वालोन रेस सलग सात वर्षं जिंकली, २०२१ च्या शेवटी थांबली, मग तिच्या एसडी वर्क्स टीमच्याच गाडीत बसून पोरींना सूचना द्यायची, आणि २०२५ ला परत सायकलवर. वुएल्ता फेमेनिनात (बायकांची वुएल्ता) स्टेज जिंकली, म्हणजे आली ती कामाचीच आली. पण आधी ती चढावर सगळ्यांना सोडून जायची, आता तसं राहिलं नाही. ती नसताना बाकीच्या पुढं गेल्यात, तिथं तिचा दोष काय? बायकांची टूर २०२२ पासून नव्यानं सुरू झाली, टीमांत पैसा आला, तीन वर्षांत खेळच बदलला. तुमच्या ग्रुपमध्ये हे कुणी बोललं का?

वाघबीळ_क्लायंबर
नाही ताई, आमच्यात तुमच्यासारखं कोण नाही म्हणूनच इथं आलो 🙏 तुमचा मुद्दा पटला, आपण थांबतो तिथं शर्यत थांबत नाही. आणखी एक, त्याचा तिसरा नंबर रद्द झाला म्हणजे ती जागा रिकामी ठेवली का? सात टूरना विनरच नाही असं वाचलंय म्हणून विचारतोय.

रंकाळा_पहाटे
त्या सात टूरना विनर नाही हे बरोबर, ती जागा कुणालाच दिली नाही. पण २००९ ला चौथा आलेल्या ब्रॅडली विगिन्सला तिसरा केलं. ह्यो विगिन्स मूळचा ट्रॅकवरचा गडी, त्या टूरला पहिल्यांदा घाटात चमकला आणि २०१२ ला टूरच जिंकला.

उतारावर_ब्रेक_नाही
आणि जाता जाता नियमाचं पण बघा. रिटायर माणूस परत यायचा तर आधी सहा महिने टेस्टिंगच्या यादीत पाहिजे, असा युसीआयचा नियम होता. त्या हिशोबानं लान्सला १ फेब्रुवारी २००९ च्या आधी रेस नव्हती. टूर डाउन अंडर ही रेस होती जानेवारीत, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला. मग काय, नियम वाकवला आणि उतरू दिलं साहेबांना. हेच आपल्याकडच्या एखाद्या पोराच्या बाबतीत असतं तर फॉर्ममधल्या एका सहीसाठी घरी पाठवलं असतं.

गंगावेश_कडचा
पोराच्या मागं स्पॉन्सर पाहिजे भावा, सही आपोआप होते 😄