शिष्यवृत्ती नसेल तर परदेशात एमएस्सी करूच नये?

उत्तरध्रुव:
माझं मत सरळ आहे. मूलभूत विज्ञानात मास्टर्स करायचं तर खर्च दुसऱ्या कुणीतरी उचलला पाहिजे. कर्ज काढून भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आपल्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पीएचडीच करायची असते, आणि तिच्या स्टायपेंडमधून कर्जाचे हप्ते निघत नाहीत. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती बघा: किमान दोन देशांत शिक्षण, फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीदरम्यान घेतात. मिळाली तर जा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

निळी शाई:
"पुढच्या वर्षी पुन्हा" लिहायला काय जातंय! जागा मोजक्या, अर्ज जगभरातून. शिवाय शिष्यवृत्ती नाही म्हणजे कर्जच, हे कुणी ठरवलं? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही, किरकोळ सत्रशुल्क असतं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. ते सोडलं तरी भरपूर पर्याय उरतात.

उत्तरध्रुव:
आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे, ते?

निळी शाई:
ते तुमचेच पैसे, दरमहा खर्चाला परत मिळतात.

उत्तरध्रुव:
परत मिळायला आधी असावे लागतात. ज्याच्याकडे नाहीत तो कर्जच काढणार ना?

कणाकण:
दोघांनीही मास्टर्स हवंच असं धरलंय. अमेरिकेतले बरेच विज्ञान विभाग बॅचलरनंतर थेट पीएचडीला घेतात, फी माफ करून स्टायपेंड देतात. तिथे मास्टर्सवाल्याला मदत क्वचितच मिळते. (तीन वर्षांची पदवी असेल तर चालते का, हे त्या त्या विभागाला आधी विचारा.) कॅनडात थीसिस करायचं एमएस्सी असेल तर प्राध्यापकाच्या अनुदानातून आणि टीएशिपमधून (शिकवण्यात मदत करायच्या पगारी कामातून) खर्च बऱ्यापैकी निघतो. पण त्यासाठी अर्जाआधी प्राध्यापकाला गाठावं लागतं. "मला आपल्या संशोधनात अत्यंत रस आहे" हा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवणाऱ्यांनो, ते न वाचताच उडवतात. त्यांचा एखादा पेपर वाचा, त्यातली कुठली पद्धत तुम्ही हाताळली आहे ते दोन ओळींत सांगा, सोबत गुणपत्रिका जोडा.

सायंतारा:
थेट पीएचडीचा सल्ला मला पटत नाही. बाविसाव्या वर्षी पाच-सहा वर्षांसाठी एका प्रयोगशाळेला बांधून घ्यायचं, तेही प्रयोगशाळेत धड काम केलेलं नसताना? दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये विषय बदलायला वाव असतो.
आणि उत्तरध्रुव, शिष्यवृत्तीही अटींशिवाय येत नाही. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अभ्यासक्रम वर्षभराचा, आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. लगेच पीएचडीला बाहेर जायचं असणाऱ्यासाठी ती बेडीच. तिथे नेतृत्वाबद्दल विचारतात. विद्यापीठाच्या अर्जासाठी लिहिलेलं एसओपी (शिकण्यामागचा हेतू सांगणारा निबंध) तसंच चिकटवलं तर अर्ज तिथेच गळतो.

उत्तरध्रुव:
अट जाचक असेल तर त्या शिष्यवृत्तीला अर्ज करू नका. पण कर्जालाही अट असतेच की, आणि ती दर महिन्याच्या एका तारखेला आठवते.

निळी शाई:
मी कर्ज घ्या म्हटलंच नव्हतं. वरचं पुन्हा वाचा.