रक्तक्षयाचे कारण आधी शोधावे
एचआयव्हीसह जगणाऱ्या आपल्या भावाचे हिमोग्लोबिन ९ वर आल्याने आपण त्यांना गूळ, बीट आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, हे वाचून काळजी वाटली. कारण या रुग्णांत रक्तक्षय केवळ लोहाअभावीच होतो असे नाही. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरील औषध अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावू शकते, विषाणूमुळे टिकून राहणारा दाह शरीरातील लोह अडवून ठेवतो, आणि क्षयरोग तर अनेकदा रक्तक्षयामागे दडलेला असतो (खोकला नसला तरीही). म्हणून कोल्हापुरातील आपल्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रात सर्व गोळ्या दाखवून तपासणी करून घ्यावी. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीवरील औषध चालू असल्यास ते लोहाच्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, अथवा ही दोन्ही औषधे एकाच वेळी जेवणासोबत घ्यावीत. एआरटी मात्र स्वतःहून थांबवू नये.