शहराचा पसारा आणि जंगलतोड: नाशिक किती शाश्वत, हे यावरून मोजायचं का?

मखमलाबादकरीण: एमएच्या भूगोल प्रकल्पात नाशिक परिसराची शाश्वतता दोन आकड्यांवरून दाखवायची आहे. शहर किती पसरलं आणि जंगलाची सरसकट तोड किती झाली. सर म्हणतात, उपग्रह नकाशे घे, टक्के काढ. पण आमच्या घरामागे द्राक्षबाग जाऊन रो-हाऊस उभे राहिले, त्यात जंगलातलं एकही झाड पडलं नाही. मग हे आकडे एकमेकांशी जोडायचे कसे?

पेठचा मोजणीवाला: जोडूच नका ताई. मी खासगी मोजणी करतो, सगळा दिवस बांधावरच जातो. नाशिक जंगल खात नाही, वावर खातं. म्हसरूळला बघा नाहीतर आडगावला. आधी बाग निघते, लोखंडी अँगल भंगारात, तारांची भेंडोळी बांधावर. जमीन पडीक राहते, मग मुरूम पडतो आणि ‘एनए प्लॉट’चा फलक लागतो.

पसाऱ्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतला ११.३.१ निर्देशक वापरा. जमीन व्यापण्याचा वेग भागिले लोकसंख्यावाढीचा वेग. उत्तर एकाच्या वर गेलं की माणसांपेक्षा जमीन भराभर चाललीय. मनपा हद्दीत २००१ ला १०.७७ लाख लोक होते, २०११ ला १४.८६ लाख. तेवढं दशक निघेल. पुढे जनगणनाच लांबली, तिथे गाडी अडते. आणि २५९ चौरस किलोमीटरची मनपा हद्द धरून बसू नका, प्लॉटिंग कधीच बाहेर गेलंय.

आता जंगल. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे ते एकगठ्ठा जात नाही. खैर जातो, कातासाठी, तोही रात्री. बाजूचे साग-ऐन उभेच, त्यामुळे वरून सगळं हिरवंगार. त्यात भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी की एक हेक्टरवर झाडांच्या फांद्या-पानांचं दहा टक्के छत्र असलं की झालं वनाच्छादन, मग बाग आंब्याची का असेना. केशर लावा, जंगल वाढलं! म्हणून एकूण टक्का सोडा. अतिदाट, मध्यम आणि विरळ वेगवेगळं काढा. दाटाचं विरळ झालं तर एकूण आकडा जागचा हलत नाही.

गंगापूररोडवाला: आणि शहरातलं तपोवन? कुंभमेळ्यातल्या साधूंच्या वस्तीसाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, झाडं तोडायची म्हणून एवढा गदारोळ झाला, ते कुठे धरायचं?

पेठचा मोजणीवाला: वेगळ्या रकान्यात, दादा. शहरातल्या झाडांना राज्याचा १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात. कागदावर झाडं वाढतात, सावली मात्र जाते. वनाच्छादनात ते मिसळलं तर हिशेबाचा खेळखंडोबा होईल.

मखमलाबादकरीण: म्हणजे नकाशावर न दिसणारी खैरतोड मोजायला जंगलातच जावं लागेल?

पेठचा मोजणीवाला: हो. वनखात्याची परवानगी काढा, एखाद्या वनरक्षकाला सोबत घ्या आणि ठरावीक तुकड्यातले ताजे बुंधे मोजा. पावसाआधीच उरका, नंतर गवतात एकही सापडणार नाही.