मदत हवी आहे: टँकरच्या आत वेल्डिंग, जुन्या सेटला व्हीआरडी (आर्क बंद असताना होल्डरवरचं व्होल्टेज उतरवणारं उपकरण) बसवता येईल का?

नमस्कार मंडळी. काम जालन्याचं, पाण्याचे टँकर बनवण्याचं. तेलाचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट, दोन फेजवर. ३.१५ मिमीचा रॉड, ११० अँपियरच्या आसपास. अडचण टाकीच्या आतल्या जोडाची आहे.

आर्क बंद असताना होल्डरवर ७५ ते ८० व्होल्ट एसी मिळतात. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मे महिन्यात हातमोजे पंधरा मिनिटांत घामानं चिंब होतात आणि चारही बाजूंनी पत्रा, म्हणजे अंग कायम अर्थिंगला टेकलेलं. रॉड बदलतानाच झटका बसतो. अशा जागी एवढे व्होल्ट जीव घ्यायला पुरेसे आहेत. आरसीसीबी (करंटची गळती कळताच पुरवठा तोडणारी स्विच) लावली की झालं, असं बरेच जण सांगतात. ती पुरवठ्याच्या बाजूला असते. सेकंडरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची होल्डरकडची वाइंडिंग, वेगळी असल्यानं तिथला झटका तिला कळतच नाही.

सध्या रबरी मॅट, मोज्यांचे तीन कोरडे जोड, मॅनहोलला ब्लोअर आणि बाहेर मेन स्विचपाशी एक माणूस, एवढी सोय आहे. ऑक्सिजनची नळी आत सोडायला सक्त मनाई.

विचारायचं हे:
व्हीआरडी बाहेरून जोडलेला एसी सेट कुणी रोज वापरतोय का? चिकटलेला रॉड सुटला की व्होल्टेज लगेच उतरतं का? गंजक्या पत्र्यावर आर्क धरायला त्रास होतो का? की सरळ व्हीआरडीवाला डीसी इन्व्हर्टरच घ्यावा? आमच्याकडची धूळ आणि व्होल्टेजची चढउतार पाहता तो किती टिकेल, याचीच धास्ती आहे.