मेणाची वडी हवी, पण ढलप्याही हव्यात
लाकडाचा स्टोव्ह पेटवायला ‘ढलप्या, म्हणजे लाकडाच्या बारीक चिरफळ्या, फोडत बसण्यापेक्षा विकतची मेणाची वडी लावली की काम झालं’ असं कुणीतरी म्हटलंय. मला ते अर्धंच पटतं. इथे अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये आमचा स्टोव्ह ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज पेटतो. भुसा आणि मेणाची ती वडी कागदाच्या बोळ्यापेक्षा कितीतरी भरवशाची, शांतपणे बराच वेळ जळते. पण तेवढ्यावर मनगटाएवढं लाकूड पेट घेईलच असं नाही, बऱ्याचदा काळवंडून नुसतं धुमसतं. असा थंड धूर धुराड्यात क्रिओसोटचा, म्हणजे डांबरासारख्या पेट घेणाऱ्या काजळीचा, थर धरतो आणि धुराड्याला आग लागते ती त्याचीच.

मी आता दोन्ही वापरते. खाली जाड फाटे, वर अंगठ्याएवढ्या पाइनच्या ढलप्या आडव्या-उभ्या, आणि सगळ्यात वर अर्धी वडी. आग वरून खाली उतरते, धुराडं लवकर तापतं, धूर खोलीत उलटत नाही. कोकणात आजी चुलीत सोडणं (नारळाची सुकी सालं) घालायची, ते काम इथे ढलप्या करतात. सरपण मात्र सुकं हवं, ओल २० टक्क्यांच्या आत. ओल मोजायचं मापक बाहेरून नको, फाटा चिरून आतल्या ताज्या बाजूला टोचा. आणि वडी नसेल तर घाईत रॉकेल अजिबात ओतू नका हो, बंदिस्त स्टोव्हमध्ये भडका थेट तोंडावर येतो.