दीड वर्षाचं पोर आणि डेस्कटॉप: काय बंदोबस्त करावा?

चिमुरड्याची_आई:
आमचं कार्टं दीड वर्षाचं झालं आणि आता टाचा उंचावल्या की टेबलाच्या कडेपर्यंत हात पोचतो, त्यामुळे घरातल्या डेस्कटॉपचे दिवस भरलेत असं दिसतंय. कॅबिनेट खाली जमिनीवर आहे, पॉवर बटणाभोवती निळा लाइट, बरोब्बर त्याच्या नाकासमोर. ते दाबलं की पंख्याचा आवाज थांबतो आणि आई ओरडते, असा डबल धमाका त्याला कळलाय. मी घरून काम करते, मीटिंगमधून इतक्यांदा गायब झालेय की आता कोणी कारणही विचारत नाही. शिवाय कीबोर्डवर दोन्ही हातांनी तबला, काल तर स्क्रीन उलटीच झाली, मान वाकडी करून सेटिंग शोधत बसले. वेगळी खोली नाहीये त्यामुळे "दार लावून घ्या" हा सल्ला बाद. विंडोज आहे. काय काय करता येईल?

जुना_स्क्रूड्रायव्हर:
आधी पॉवर बटण. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं दिसेल, तिथे 'डू नथिंग' करून टाका, मग नुसतं टुचकन दाबलं तर काही होणार नाही. पण तेच बटण 4-5 सेकंद दाबून धरलं तर मशीन बंद पडणारच, तिथे विंडोजला कोणी विचारत नाही. आणि पोरं दाबून धरतात हो, त्यांना कुठे घाई असते.

त्यावर जालीम उपाय म्हणजे प्लग काढून कॅबिनेट उघडायचं आणि पुढच्या बटणाकडून मदरबोर्डवर आलेली बारीक वायर उपसून ठेवायची, टोकावर 'पॉवर एसडब्ल्यू' लिहिलेलं असतं. शेजारची 'रिसेट एसडब्ल्यू' पण काढा, तिच्यावाचून काही अडत नाही. मग चालू कसं करायचं? बऱ्याच बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) कीबोर्डवरून चालू करायची किंवा मेन स्विच लावला की आपोआप चालू व्हायची सोय असते. ती चालतेय ना हे आधी बघा आणि मगच वायर काढा.

अवांतर: हा त्रास जुनाच आहे. आयबीएमच्या 4341 या मेनफ्रेमचा, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरचा, मोठा लाल स्विच एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या छोट्या मुलीने एकाच दिवसात दोनदा दाबला म्हणून त्यावर पारदर्शक झाकण बसवलं, हा किस्सा जुन्या प्रोग्रॅमर मंडळींत प्रसिद्ध आहे. तिच्याच नावाने डेबियन लिनक्समध्ये अजूनही मॉली-गार्ड नावाचं पॅकेज मिळतं, लांबून सर्व्हर बंद करायला गेलात तर ते आधी मशीनचं नाव टाइप करायला लावतं. तर तुम्ही एकट्या नाही :)

काळजीवाहू:
वरचं सगळं ठीक, पण ते कॉम्प्युटरला पोरापासून वाचवायचं झालं. पोराला कॉम्प्युटरपासून कोण वाचवणार? आज रात्रीच गुडघ्यांवर बसून टेबलाखाली बघा, त्याच्या उंचीवरून काय दिसतं ते. लोंबणाऱ्या वायरी पहिल्या आवरा. एक वायर ओढली की मॉनिटर डोक्यात येऊ शकतो. लांब लूप गळ्यात अडकू शकतो, ते तर बोलायलाच नको. मॉनिटरच्या मागे चार स्क्रूंची भोकं असतात (बहुतेक 75 किंवा 100 मिमीच्या चौकोनात), तिथून भिंतीला किंवा टेबलाला क्लॅम्प केला की प्रश्न मिटला. एक्स्टेन्शन बोर्ड शटरवाला घ्या आणि टेबलाच्या खालच्या बाजूला, वर चिकटवून टाका, जमिनीवर नको.

आणि बटण सेल!! स्पीकरचा छोटा रिमोट, किचन टायमर, वजनकाटा, जे काही टेबलावर पडलेलं असतं त्यात 2032 नंबरचा चपटा सेल असू शकतो. 20 मिमीचा, 3 व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकला तर ओलाव्यामुळे करंट वाहतो, तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. "संपलेला" सेलसुद्धा एवढं करायला पुरतो. कधीकधी नुसती लाळ गळते नाहीतर खोकला येतो, म्हणून संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, थेट हॉस्पिटलात जाऊन एक्स-रे. वायरलेस माउसचा तो नखाएवढा रिसीव्हर पण गिळण्यासारखा असतो, तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा.

दोन_पोरांचा_बाप:
काळजीवाहूंना +१. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर मागे सरकवा, निम्मं काम तिथेच होईल, फक्त हवेची जाळी भिंतीला चिकटवू नका.

कीबोर्डसाठी बेबीस्मॅश म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे, मायक्रोसॉफ्टवाल्या स्कॉट हॅन्सलमनने आपल्या पोरांसाठी लिहिलेला, पूर्ण स्क्रीन व्यापतो आणि कुठलंही बटण बडवलं की रंगीत आकार नाहीतर अक्षर येतं. विंडोज की पण अडवतो. कंट्रोल-आल्ट-डिलीट मात्र कुठलाच साधा प्रोग्रॅम अडवू शकत नाही, पण दीड वर्षाच्या पोराने नेमक्या त्या तीन बटणांवर हात मारला तर त्याला सरळ नोकरीच द्या. त्याच्यासाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट करा, ॲडमिन नको. आणि तुम्ही पाणी प्यायला उठलात तरी विंडोज + एल दाबून, म्हणजे स्क्रीन लॉक करून उठायचं, ही सवय सगळ्यात कामाची.

जुना बंद पडलेला कीबोर्ड खेळायला द्या असं कोणीतरी सांगेलच. आमच्या थोरल्याने तो दहा मिनिटांत ओळखला, "दिवा लागत नाही" म्हणून. धाकटी खूश होती. देणार असाल तर वायर कापून द्या आणि कीकॅप्स ओढून बघा, सैल बटणं तोंडातच जातात.

चिमुरड्याची_आई:
बाप रे, सेलचं डोक्यातच नव्हतं, रिमोट आत्ताच कपाटात वर टाकला. कॅबिनेट उद्या वर चढवते. स्क्रीन उलटी कशाने झाली असेल? आणि मधेच कर्कश टूं वाजून स्टिकी कीज की काहीतरी विचारतं, ते कसं बंद करू?

जुना_स्क्रूड्रायव्हर:
इंटेल ग्राफिक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये कंट्रोल + आल्ट + बाणाने स्क्रीन फिरते, वरचा बाण दाबला की सरळ. नाहीच झाली तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ओरिएंटेशन 'लँडस्केप'. स्टिकी कीज शिफ्ट 5 वेळा दाबल्यावर येतं, आणि उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून धरली तर फिल्टर कीज. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, तिथे दोन्हींचे शॉर्टकट बंद करून टाका. स्क्रीन अचानक मोठी झाली तर ते मॅग्निफायर, विंडोज + एस्केपने जातं.

फाइल गायब झाली तर त्या फोल्डरमध्ये लगेच कंट्रोल + झेड, नाहीतर रीसायकल बिन. शिफ्ट-डिलीट झालं असेल तर दोन्ही उपयोगाचे नाहीत, म्हणून ऑफिसच्या कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेत जा आणि डिस्क लावून ठेवू नका, काढून त्या रिमोटशेजारीच ठेवा.

काळजीवाहू:
आणि कपाटाची किल्ली कपाटालाच लावून ठेवू नका :D