साखरेच्या ठोकळ्यांचं मिशन

'५० राज्यं आणि त्यांच्या राजधान्या आधी पाठ करून घ्या, बाकीचं मोठेपणी कळेल' हे मुलांना अमेरिका शिकवण्याबद्दलचं एक मत मला अर्धंच पटलं. पाठांतराला ना नाही, नकाशा डोक्यात असलेला बराच. पण कॅलिफोर्नियातली चौथी बघा. त्या वर्षी राज्याचा इतिहास असतो, आणि कित्येक वर्षं त्याचा अर्थ एकच होता: साखरेचे ठोकळे नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करायला स्पॅनिश पाद्र्यांनी उभारलेल्या २१ मिशनांपैकी एकाची प्रतिकृती करायची. (म्हणजे रात्री अकराला आईबापांनी गोंद घेऊन बसायचं!) राज्याच्या २०१६च्या अभ्यासक्रम-आराखड्याने या प्रकाराबद्दल नापसंती दाखवली, बरं झालं.

कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँट शहरात आपली मंडळी पुष्कळ आहेत. तिथे १७९७ साली स्थापन झालेलं मिशन सान होजे आहे. मुलांना जरूर न्या, पण मातीच्या विटा कुणी पाडल्या ते विचारू द्या. तिथल्या मूळ रहिवासी ओलोनी लोकांनी. बाप्तिस्मा झाला की त्यांना मनाप्रमाणे निघून जाता येत नसे, पळालेल्यांना शिपाई धरून आणत. नऊ वर्षांच्या पोराला हे नीट कळतं. आणि ओलोनी 'होते' नव्हे, आजही 'आहेत', हेही सांगाच.

राजधान्या काय, गाडीत बसल्याबसल्या होतात पाठ.